आमच्या घरातला शुद्ध मराठीचा आठवडा

आमच्या घरात एक आख्खा आठवडा शुद्ध मराठी बोललं गेलं आणि त्यापायी माझ्या पोराचा संसार मोडता मोडता राहिला.

तुम्ही म्हणाल, शुद्ध बोलल्यानं कुणाचा संसार मोडतो का? मग तुम्ही परभणीचे नसणार. आमच्याकडं शुद्ध मराठी ही तपासणीची भाषा आहे. मी उभी हयात अंगणवाडी सेविका म्हणून काढली. मोठ्या मॅडम व्हिजिटला आल्या की 'बालकांना वेळेवर पूरक आहार दिला जातो' असं मी बोलायची, आणि त्यांची जीप वळणापलीकडं गेली की 'ए गबाळ्या, खिचडी सांडायलास की रं!' सुरू. शुद्ध बोलायचं ते साहेबाशी, परक्याशी, नाहीतर ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी. माझी आणि माझ्या नणंदेची एका लग्नात आहेरावरून वाजली, तेव्हापासून ती मला 'आपण जेवलात का?' असं विचारते. आपल्या माणसाला कुणी असं विचारतं का? आपल्या माणसाला 'गिळलंस का?' विचारतात.

घरात आम्ही चौघं. मी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर म्हणजे आमचे हे, औषधाच्या गोळ्यांची बॅग घेऊन जिल्हाभर डॉक्टरांच्या दारात बसणारा आमचा एकुलता एक प्रशांत, आणि त्याची बायको मयुरी. मयुरी नाशिकची. कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करते. पोरगी गुणाची, पण भाषा इतकी गुळगुळीत की पहिल्या दिवशी मागून 'आई, मी भाजी परतायला घेऊ का?' असा आवाज आला तेव्हा मी पदर सारखा करून वळले. मला वाटलं, मॅडम आल्या व्हिजिटला.

आणि आधीच सांगून ठेवते, मी संशयी बाई नाही. मला फक्त सगळ्यांवर लक्ष ठेवायला आवडतं.

तर लग्नाला काही महिने झाले असतील. मी भाकरी थापत होते आणि मयुरी ओट्याला टेकून उभी होती.

"आई, काल तुम्ही बाबांना 'इपितर' म्हणालात. म्हणजे काय?"

मला जन्मात कुणी कशाचा अर्थ विचारला नव्हता. मी हात झटकले आणि ताठ उभी राहिले.

"इपितर म्हंजे बघ, समोर सडक असताना ज्याला बांधावरूनच जायचं असतंय. तुझा सासरा. डाळ केली की म्हणतो भाजी काहून न्हाई, भाजी केली की म्हणतो डाळ कुठं गेली."

ती हसली. "आणि 'कुटाणा'?"

"कुटाणा म्हंजे कुणी सांगितलं नसताना केलेलं काम, जे दुसऱ्याला निस्तरावं लागतंय. तुझ्या नवऱ्यानं मिक्सर खोलून साफ केला आन् तीन स्क्रू उरले का न्हाई? त्यो कुटाणा."

"आणि परवा मला 'चाबरी' म्हणालात, ते?"

आता आली का पंचाईत. चाबरी म्हणजे तोंडाळ, पण नव्या सुनेला तोंडावर कसं सांगायचं? मी भाकरी तव्यात टाकायच्या निमित्तानं जरा वेळ काढला.

"चाबरी म्हंजे जी फाडकन उत्तर देते. पण ह्यो शब्द कुणालाबी लावायचा नसतोय गं. परकीला म्हणलं तर भांडण हुतंय. घरच्याच पोरीला म्हणतेत. जिला चाबरी म्हणलं, ती आपली."

बोलले आणि विसरून गेले. भाकर करपायला लागली होती.

त्या दिवसापासून रोजचा तास सुरू झाला. मी स्वयंपाकघरात शिकवायची, आमचे हे व्हरांड्यात. त्यांना तर चेवच चढला. 'बेजार' म्हणजे काय, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, "बेजार म्हंजे भरल्या गाडीत दिवसभर उभं राहून घरी यावं आन् बायकोनं दारातच इचारावं, कोथिंबीर आणली का?" 'भंजाळणं' विचारलं, तर म्हणाले, "पिंगळीला उतरणारा माणूस झोपला आन् चुडाव्यात जागा झाला, की त्याचं जे तोंड हुतंय, त्याला भंजाळणं म्हणतेत." पोरगी पोट धरून हसायची. मी मनात म्हणायची, कशी रमली बघा आमच्यात.

आणि मग एक दिवस मला पोह्यांच्या डब्याला टेकवलेला तिचा फोन दिसला. त्यावर एक लाल ठिपका होता आणि आकडे पळत होते.

"मयुरे, ते लाल काय चमकायलंय?"

"काही नाही, आई," म्हणून तिनं फोन पालथा घातला.

आता मला सांगा, काही नसतं तर फोन पालथा का घातला असता? अंगणवाडीत पोरगं 'काही नाही' म्हणून हात मागं नेतं, तेव्हा त्याच्या हातात हमखास दुसऱ्याचा लाडू असतो. मी त्या दिवशी कालवणात मीठ दोनदा टाकलं.

दुपारी समोरच्या विमलबाईकडं गेले. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे विमलबाईला वासावरून कळतं, आणि वास आला नाही तर ती जाऊन विचारते. मी सगळं सांगितलं. तिनं शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"रेकॉर्डिंग हाय ते," ती म्हणाली. "माय माय माय. आमच्या बोरीच्या पावण्यांकडं डिट्टो असंच झालं. सून गोड गोड इचारायची, सासू भोळी, ती बोलत गेली. एक दिवस समदं वकिलाच्या टेबलावर."

"मग?"

"मग काय? ती सासू आता टीव्हीबी आवाज बंद करून बघती."

घरी येईपर्यंत मी काय काय बोलले होते ते एकेक आठवायला लागलं. दूध उतू गेलं तेव्हा 'अवदसा' म्हणाले होते. झाडू उभा ठेवला तेव्हा 'टकुरं ठिकाणावर हाय का' म्हणाले होते. सगळ्यात कहर म्हणजे 'निबर' कशाला म्हणतात ते सांगताना, 'जून भेंडी, कितीबी शिजवा, दातानं तुटत न्हाई' इथवर ठीक होतं. पण पुढं उदाहरण म्हणून मी तिच्या नाशिकच्या आत्याचं नाव घेतलं होतं. लग्नातल्या प्रसंगासकट. चांगलं खुलासेवार.

प्रशांतचं लग्न जमवताना आम्ही किती दारं झिजवली ते आमचं आम्हाला ठाऊक. आणि खरं सांगू? नुसत्या प्रशांतची गोष्ट नव्हती. ती पोरगी घरात आल्यापासून मला कुणाशी तरी बोलायला मिळत होतं. ती निघून गेली तर परत हे आणि मी, आणि डाळ का भाजी. त्या विचारानंच मला रडू यायला लागलं, पण रडण्याचा आवाज रेकॉर्ड होईल म्हणून मी तेही आवरलं.

मी यांना गच्चीवर नेलं. तिथं कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या राखायच्या निमित्तानं बसलो.

"आजपासून घरात शुद्ध बोलायचं," मी म्हणाले. "एकबी शब्द असा न्हाई गेला पाहिजे की जो उद्या वकिलाला दाखवता येईल."

"काहून?"

"बघा, इथंच चुकलात. 'का बरे' म्हणा."

"का बरे," हे म्हणाले, आणि त्यांचं तोंड कडू कारलं चावल्यासारखं झालं. "प्रशांतला सांगायचं?"

"अजिबात न्हाई. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. सांजच्याला बायकोला सांगून मोकळा हुईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरी डोळे चोळत बाहेर आली. एरवी मी 'उठली का महाराणी, ऊन टकुऱ्यावर आलं' असं म्हणते. त्या दिवशी मी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

"मयुरी, आपण चहा घेणार का?"

ती दारातच थांबली. "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मी उत्तम आहे. आपण विचारपूस केलीत, आनंद वाटला."

तिनं चहा घेतला, पण सगळा वेळ माझ्याकडं बघत होती. मी मनात म्हणाले, बघ, बघ किती बघायचं ते, एक शब्द सापडायचा नाही तुला.

अडचण आमच्या कंडक्टरांची होती. या माणसाला गाडीत रंगवलेल्या सूचना आणि डेपोतल्या नोटिसा सोडल्या तर शुद्ध मराठी येतच नाही. जेवताना म्हणाले, "कृपया भाजी पुढे सरकवावी." मयुरीनं आणखी एक भाकरी वाढायला घेतली तर पोटावर हात ठेवून म्हणाले, "आसनक्षमता पूर्ण झाली आहे." ती झाडून घ्यायला आली तेव्हा खुर्चीवर पाय वर घेऊन म्हणाले, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे." कोण उतरणार होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण रेकॉर्डिंगमध्ये यात धरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी चालू दिलं.

प्रशांत दौऱ्यावरून आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "प्रशांत, पादत्राणे बाहेर ठेवावीत." त्यानं बॅग खाली ठेवली आणि मला झटकाबिटका आला की काय ते बघायला थेट बीपीचं मशीन काढलं.

"आई, दोन्ही हात वर कर. आता हसून दाखव."

मी हसून दाखवलं. त्याला ते पटलं नाही. "बाबा, हिला काय झालंय?"

"सदर बाब तपासाधीन आहे," आमचे हे म्हणाले.

प्रशांतनं मग त्यांचंही बीपी बघितलं.

चार दिवस गेले नाहीत तोच आणखी विचित्र झालं. मयुरीनं अर्थ विचारणं बंद केलं. फोन डब्याला टेकेना, हसणं नाही, काही नाही. मी विमलबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे पुरावा गोळा झाला असणार. आता पुढचं काम चालू." त्याच दिवशी दूध उतू गेलं. मयुरी गॅसशेजारीच उभी होती, समोर दूध वर चढत होतं, तरी तिनं बटण फिरवलं नाही. सगळा ओटा पांढरा झाला आणि ती माझ्याकडं बघत राहिली, नुसती वाट बघत असल्यासारखी. शब्द माझ्या दातापर्यंत आला होता. मी दात आवळले.

"काही हरकत नाही," मी म्हणाले. "दूध हे उतू जाण्याच्याच प्रवृत्तीचे असते."

तिचे डोळे एकदम भरून आले आणि ती खोलीत निघून गेली. मी ओटा पुसत हिशेब लावला: सापळा लावला होता पोरीनं, आणि सासू अडकली नाही म्हणून रडायली.

संध्याकाळी तिच्या खिडकीखाली कपडे काढत होते. (कपडे दोरीवर होते आणि दोरी खिडकीखालीच आहे. यात माझा काय दोष?) आतून माहेरी फोनवर बोलतानाचा तिचा रडवेला आवाज आला. "आई, तू आणि पप्पा याच. माझ्याच्यानं आता नाही होत इथं."

माझ्या हातातून यांचा शर्ट खाली पडला. संपलं. आता माणसं येणार, बैठक बसणार, माझा आवाज भर बैठकीत वाजणार आणि निबर आत्या पहिल्याच मिनिटाला निघणार.

रविवारी प्रशांत स्टेशनवरून सासू-सासऱ्यांना घेऊन आला. त्याचं तोंड उतरलं होतं. मी ठेवणीतली साडी नेसले होते, यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि साक्षीला असावी म्हणून विमलबाईला साखर मागायला बोलावून ठेवलं होतं. ती वाटी घेऊन कोपऱ्यात बसली. मयुरी स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला टेकून. जय भीम झाला, पाणी दिलं, आणि मी बोलायला सुरुवात केली.

"उभयतांचा प्रवास सुखरूप झाला ना?"

विहीणबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. बाई शिस्तीच्या, चष्म्याच्या, नाशिकला शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "काहून वो विहीणबाई?"

नाशिकच्या बाईच्या तोंडात 'काहून' ऐकून मी भंजाळून गेले.

"माझ्या पोरीनं असं काय केलं की तिला परकी केलीत?"

"परकी? छे, छे. आम्ही तर त्यांच्याशी अत्यंत आदरानं..."

"तेच म्हणते मी. आदर कशासाठी? कुणी केला होता का अर्ज?"

मला काहीच कळेना. मग व्याह्यांनी घसा साफ करून सगळं उलगडून सांगितलं. मयुरी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईशी फोनवर बोलताना मागून माझा आवाज ऐकू जायचा. अवदसा काय, टकुरं काय. विहीणबाईंना रात्रीची झोप लागेना. पोरीला दिवसभर शिव्या खाव्या लागतात, असं त्यांनी धरलं. 'निघून ये' म्हणाल्या होत्या. मयुरी म्हणाली, आई, ह्या शिव्या नाहीत, थांब, तुला अर्थच पाठवते. आणि ती माझ्याच तोंडून अर्थ रेकॉर्ड करून रोज नाशिकला पाठवायला लागली.

"सकाळच्या चहाला आम्ही दोघं तेच ऐकतो," व्याही म्हणाले. "मला 'निबर' फार आवडला."

"अहो, त्या तुमच्या सख्ख्या बहीण..." मी कशीबशी बोलले.

"म्हणून तर. इतकं अचूक आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"हळूहळू माझी काळजी मिटली होती," विहीणबाई म्हणाल्या. "आणि गेल्या आठवड्यात हिचा फोन आला. रडायला लागली. म्हणाली, आई, मला आता कुणी रागवतच नाही. सासूबाई मला 'आपण' म्हणतात. मग मात्र मी ह्यांना म्हटलं, बॅग भरा."

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि बोट दाबलं. आधी भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि मग माझा. 'घरच्याच पोरीला म्हणतेत. जिला चाबरी म्हणलं, ती आपली.'

दारातून मयुरी बोलली. "आठवडाभर तुम्ही मला एकदापण चाबरी म्हणाला नाहीत. दूध मी मुद्दाम उतू जाऊ दिलं, आई. वाटलं, आता तरी ओरडाल. तर तुम्ही म्हणालात, हरकत नाही."

मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. पोरगी ओट्यापाशी उभी राहून माझ्या एका शिवीची वाट बघत होती आणि मी तिला सापळा म्हणत होते.

"पण आई, तू असं का बोलत होतीस?" प्रशांतनं विचारलं.

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी लाल ठिपका सांगितला, वकील सांगितला, बोरीचे पाहुणे सांगितले. सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. विमलबाई वाटीत बघत होती.

"बोरीच्या पावण्यांकडंच झालतं," ती म्हणाली. "म्हंजे... त्यांच्याकडं बसून टीव्हीत बघितलं होतं." आणि घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवून ती निघून गेली. साखर न घेताच.

मी उठले आणि मयुरीसमोर जाऊन उभी राहिले.

"अगं अवदसे," मी म्हणाले, "चांगलं म्हशीचं दूध मुद्दाम सांडलंस? टकुरं ठिकाणावर हाय का तुझं? आन् इतकं मनात होतं तर सरळ तोंडानं इचारायला काय झालतं? एरवी तर लय चाबरी हाईस."

ती रडत रडत हसली आणि माझ्या गळ्यात पडली. मीही रडले, मनसोक्त, आवाज काढून. विहीणबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हां. आता जिवात जीव आला." आमच्या कंडक्टरांनी चमचा घेऊन पेल्यावर दोनदा वाजवला. त्यांच्या भाषेत डबल बेल म्हणजे गाडी सुटली.

चार दिवस राहून व्याही-विहीण खुशीत परत गेले. दुसऱ्याच दिवशी मयुरीचा फोन पुन्हा डब्याला टेकला. या वेळी तो माझ्यादेखत टेकला आणि लाल ठिपका मलाही दाखवला गेला.

"बाबा, आई-पप्पांना 'भंजाळणं' परत ऐकायचंय. नवीन उदाहरण द्या ना."

आमच्या ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि फोनच्या जरा जवळ सरकले.

"आता त्याला पिंगळी-चुडाव्यापर्यंत जायची गरज न्हाई. उदाहरण घरातच हाय. एक बाई होती. सुनेनं तिला चार शब्दांचे अर्थ इचारले, तर तिला पोह्यांच्या डब्यामागं वकील दिसला. मग तिनं आठवडाभर समद्या घराला व्हिजिटला आलेल्या मॅडमसारखं बोलायला लावलं. आन् समद्यात बेजार कोण झालं? त्यो गरीब नवरा."

मयुरी हसून हसून ओट्यावर वाकली. मला या इपितर माणसाला लय काही सुनवायचं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं, चांगलं निवडक. पण मी ते गिळलं, पदर सारखा केला आणि म्हणाले, "अहो, आपण चहा घेणार का?"

फोन चालू होता.